गाडीला लांबी

वरातीत फुलांनी मढवलेली लांबलचक गाडी दिसली की मला शिसारी येते. लोक मोबाइल वर करून फोटो काढतात आणि मी तोंड फिरवून पलीकडच्या फुटपाथवर जाते. दादर-परळ भागात राहून हे जड जातं, कारण लग्नाच्या दिवसांत कुठल्या ना कुठल्या हॉलबाहेर अशी एक तरी गाडी उभी असतेच. माझ्या मुलीला वाटतं, मला झेंडूची ॲलर्जी आहे. वाटू दे.

आमच्या घरी एक छोटी गाडी होती. विलायती, दोन दारांची, बाबांच्या लग्नाच्याही आधी बनलेली. बाबा गिरगावातल्या एका वाडीत राहणाऱ्या डॉक्टरांकडे तीस वर्षं ड्रायव्हर होते. डॉक्टर थकले, मुलं परदेशात गेली, तेव्हा त्यांनी ती गाडी बाबांनाच देऊन टाकली. ती लालबागला आमच्या चाळीखाली आली त्या दिवशी शेजाऱ्यांनी तिच्यापुढे नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या टपावर गोधड्या वाळत घालायला सुरुवात केली. बाबा रोज सकाळी गोधड्या घडी करून ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवायचे.

बाबांच्या मते गाडीचा सगळा स्वभाव एकाच मापात असतो. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. गॅरेजवाले त्याला व्हीलबेस म्हणतात, बाबा ढांग म्हणायचे. आमच्या गाडीची ढांग सात फुटांची, म्हणजे आखूड. आखूड ढांगेची गाडी खड्ड्यांच्या रस्त्यावर सारखी मान हलवते, कारण पुढचं चाक खड्ड्यातून बाहेर येतंय तोवर मागचं पडतं. गावी जाताना सपाट रस्त्यावर वेग घेतला की ती चुळबुळायला लागते, स्टिअरिंगला नुसतं बोट लागलं तरी सरकते. पण घाट लागला की तीच गाडी अशी वळते की मागे बसलेल्यांना वळण आलं कधी आणि गेलं कधी तेही कळत नाही. लांब ढांगेच्या गाडीचं उलटं. सरळ रस्त्यावर ती शहाण्यासारखी जाते, वळणावर मात्र जास्त जागा मागते. शिवाय तिचं मागचं चाक पुढच्याच्या वाटेनं येत नाही, आतून कोपरा कापत येतं. आखूड गाडीचंही येतं, पण थोडं. ढांग जितकी लांब तितका कोपरा जास्त कापला जाणार, हे बाबांनी मला काडेपेटी आणि कंगवा जमिनीवर फिरवून दाखवलं होतं.

मी गाडी शिकले ती त्या गाडीवरच. आमच्या दादाला बाबांकडून शिकायचं नव्हतं, त्याला तिसऱ्या मिनिटाला राग यायचा. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेला. बाबा माझ्या शेजारी बसायचे आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, "फुडचा चाक डोळ्यान वळव गो, पाठचा आठवणीन." मागचं चाक दिसत नाही. ते कुठे आहे हे अंगात मुरलेलं असावं लागतं.

बाबांच्या अंगात ते किती मुरलं होतं, हे डॉक्टरांच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वाडीचं तोंड अरुंद. डाव्या हाताला इस्त्रीवाल्याची दगडी पायरी, उजव्या हाताला विजेचा खांब. टॅक्सीवाले आत यायला नाही म्हणायचे, आणि जे यायचे ते दोनदा मागेपुढे करून घामाघूम व्हायचे. बाबा हीच गाडी एका फेरीत आत घ्यायचे. पायरी आणि मागचं चाक यांच्यात चार बोटं राहायची, रोज तीच चार बोटं. मी लहानपणी एकदा डबा द्यायला गेले होते, तेव्हा इस्त्रीवाला मला म्हणाला होता, "तेरे पप्पा आते हैं तो मैं पायरी पे बैठा रहता हूँ, उठता भी नहीं." बाबांना शाळा, पदवी, पदक काही नव्हतं. ती चार बोटं होती.

आता दादाबद्दल. दादाचा दादरला लग्नाच्या सजावटीचा धंदा आहे. मंडप, फुलं, वधू-वरांच्या खुर्च्या, धुराचं यंत्र, सगळं. बोलताना तो 'एक्सपिरियन्स' हा शब्द इतक्या वेळा वापरतो की मी मोजणं सोडून दिलंय. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि नशिबाचा खेळ असा की मुलगा डॉक्टरांच्याच वाडीतला निघाला. भाची पहिल्याच दिवशी बाबांच्या गळ्यात पडून म्हणाली, "आजोबा, वरातीची गाडी तुम्हीच चालवायची. दुसरं कोणी नको."

बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, लायसन्स नवं करून आणलेलं. लग्नाला दीड महिना होता तरी ते दोनदा बस पकडून गिरगावात जाऊन आले. वाडीचं तोंड पावलांनी मोजलं, इस्त्रीवाल्याच्या मुलाशी बोलले, खांब हलवलेला नाही याची खात्री केली. घरी येऊन म्हणाले, "सगळा तसाच आसा." मी त्यांना इतकं खूश आईच्या पश्चात पाहिलं नव्हतं.

मग दादा गाडी घेऊन गेला. रंग काढायला म्हणून. जाताना बाबांना म्हणाला, "लांबी भरायला टाकतोय." रंगाच्या आधी पत्र्यातले पोचे बुजवायला जो लगदा भरतात त्याला आमच्याकडे लांबी म्हणतात. बाबा म्हणाले, "भर, पण जाड नको, तडकता."

मी ब्लाउज शिवते. एक गिऱ्हाईक परळला राहतं, तिचे चार ब्लाउज पोचवायला गेले होते तेव्हा वाटेत ते गॅरेज लागलं. म्हटलं, रंग कुठवर आलाय बघू. आत गेले. गाडी सुरमईसारखी मधोमध कापलेली होती. पुढचा तुकडा एका लोखंडी घोडीवर, मागचा दुसऱ्या घोडीवर, आणि मधल्या रिकाम्या जागेत एक माणूस बसून वेल्डिंग करत होता. जळलेल्या रंगाचा वास सुटला होता. माझ्या पर्समध्ये टेप असतोच. मी मधली जागा मोजली. चौदा इंच.

दादा तिथेच चहा पीत उभा होता. मी म्हटलं, "हे काय केलंस?"

"अगं, लेहंगा मावत नव्हता मागे. ट्रायल घेतली ना. आणि नंतर गाडी धंद्याला लागेल, लोकांना एक्सपिरियन्स पाहिजे असतो."

"बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं की. लांबी भरायला टाकतोय म्हणालो. खोटं काय त्यात?"

आणि तो हसला. त्याच्याबरोबर गॅरेजमधली दोघंतिघंही हसली. शब्दाचा विनोद! बापाला फसवायला त्याला विनोद सुचला. मला तिथल्या तिथे त्याच्या चहाचा कप त्याच्या डोक्यावर उपडा करावासा वाटला. फक्त मिस्त्री हसला नाही. हात पुसत तो मला म्हणाला, "ताई, टर्निंग बदलणार हां. जो चालवेल त्याला सांगा. आधीच्या अंदाजानं वळवली तर ठोकेल."

म्हणजे सगळं स्पष्ट होतं. मिस्त्रीनं आपलं काम चोख केलं, वर बजावूनही ठेवलं. शेण खाल्लं ते आम्ही.

मी दादाला म्हटलं, "तू सांगतोस की मी सांगू?" तो म्हणाला, "मी सांगतो, तू मधे पडू नको. आत्ता कळलं तर ते गाडीला हात लावणार नाहीत. पोरगी रडत बसेल. लग्नघरात तमाशा पाहिजे का तुला?" लग्नघर या शब्दाचाही मला वीट आला आहे. त्या शब्दाखाली आपल्याकडे काय काय झाकलं जातं. पण तेव्हा मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी गप्प, तिसऱ्या दिवशी गप्प, मग मुहूर्तमेढ आली, हळद आली, आणि मी स्वतःला सांगत राहिले की दादानं सांगितलं असेल.

लग्न दादरला झालं. दुपारी चारच्या सुमाराला गाडी थेट हॉलच्या दारात आली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं. टपापासून चाकांपर्यंत झेंडू आणि निशिगंधाच्या जाळ्या, पत्रा दिसेल तर शपथ. बाबा नवा शर्ट, काळी टोपी घालून आले. त्यांनी गाडीभोवती फेरी मारायला सुरुवात केली तेवढ्यात फोटोवाल्यानं त्यांना दंडाला धरून स्टिअरिंगपाशी बसवलं. वधू-वर मागे बसले. मी पाठराखीण म्हणून पुढे, बाबांच्या शेजारी. नवरीबरोबर सासरी जायला, तिची पाठ राखायला जी बाई पाठवतात ती पाठराखीण. मला तो मान मिळाला होता.

बाबांनी आरशात पाहिलं आणि खिडकीशी उभ्या असलेल्या दादाला विचारलं, "रे, पाठची सीट लांब कशी दिसता? लांब केलंस काय?"

"थोडीशी, बाबा. पाठी. चाकाच्या पाठी वाढवलीय. डिकीची जागा खाल्ली."

चाकाच्या पाठी. चाकांच्या मधी नाही. गाडी न चालवणाऱ्याला यात काही फरक वाटणार नाही. चाकाच्या मागे कितीही शेपूट लावा, ढांग तीच राहते, मागचं चाक त्याच वाटेनं येतं. मधे चौदा इंच घातले की गाडीच दुसरी होते. दादाला हे कळत होतं. कळत होतं म्हणूनच त्यानं नेमका तो शब्द बदलला. मी पदर सारखा करत खाली बघितलं.

निघालो. परळच्या अलीकडे बाबा म्हणाले, "आज मान हलवत नाय ही." खरंच नव्हती हलवत. खड्ड्यांवरून कशी सुखात चालली होती, मेली. पुढे एका गतिरोधकावर पोट खर्रकन घासलं. इतक्या वर्षांत त्या गाडीचं पोट कधी कशाला लागलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "फुलांचं वजन असेल."

मागे भाची आणि जावई हसत होते, मोबाइलवर स्वतःलाच बघत होते. भायखळा गेलं, गिरगाव आलं. वाडीच्या तोंडाशी बँजो पार्टी, फटाक्यांच्या लडी, निम्मी वाडी रस्त्यावर. जुनी माणसं बाबांना ओळखून हात वर करत होती. कोणीतरी ओरडलं, "अरे, डॉक्टरांचा ड्रायव्हर! बघा आता, एका फेरीत आत घेतो का नाही!" मुलाची आई ताट घेऊन पुढे आली आणि खिडकीत वाकून म्हणाली, "सुनेची गाडी मागे घ्यायची नाही हं. आमच्यात अपशकुन मानतात." वर एक ड्रोन घोंघावत होता.

बाबांनी गाडी वळणाच्या आधी थांबवली. माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "बाय, चाकाच्या पाठीच वाढवलीय ना?"

एक शब्द बोलायचा होता. मधी. ते गाडी तिथेच बंद करून उतरले असते. नवरी वीस पावलं चालत गेली असती, मुलाच्या आईनं नाक मुरडलं असतं, दादा माझ्याशी वर्षभर बोलला नसता. एवढंच झालं असतं.

मी म्हटलं, "हो."

बाबांनी मान हलवली, पहिला गिअर टाकला आणि गाडी वळवली. सुरेख वळवली. तीस वर्षं जिथून वळवली तिथूनच, तितक्याच वेगानं, तितकीच. पुढचं नाक खांबाला न लागता आत गेलं, लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, आणि डावं मागचं चाक इस्त्रीवाल्याच्या पायरीवर चढलं. पायरीवर उभा असलेला ढोलवाला उडी मारून बाजूला झाला म्हणून त्याचे पाय वाचले. गाडी कलंडली. मधला जोड कर्रर्र करत उकलला, फुलांच्या जाळीतून लांबीचे पोपडे खाली पडले. माझ्या बाजूचा दरवाजा आवळला गेला, उघडेना. मुंडावळ्या विस्कटलेली नवरी बाबांच्या सीटवरून रांगत, त्यांच्या बाजूनं बाहेर काढावी लागली. शंभर मोबाइल वर होते.

"म्हाताऱ्याला दिसत नाही तर बसवला कशाला?" हे कोण बोललं मला माहीत नाही. मग दुसरं कोणी, मग तिसरं. डॉक्टरांचा ड्रायव्हर म्हणून हात वर करणारे तेच लोक. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण त्यांचं काय, त्यांना काही माहीत नव्हतं. माहीत असलेला माणूस मागच्या गाडीतून उतरून धावत आला आणि सगळ्यांच्या देखत ओरडला, "बाबा, मी म्हणत होतो ना, ड्रायव्हर ठेवू म्हणून! वय झालं हे मान्य करा आता!"

बाबा खाली उतरले. पायरीकडे, चाकाकडे पाहिलं. मग टोपी काढून मुलाच्या आईसमोर हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं माझं." मी नवरीचा पदर नीट करत होते. त्या जोडलेल्या हातांपासून मी दोन पावलांवर होते आणि मी पदराला पिन लावत होते.

दादानं गाडी त्याच संध्याकाळी उचलून नेली. ती नीट करून नंतर त्यानं कोणाला तरी देऊन टाकली. व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरला, त्याखाली हसणारी तोंडं आली. माझ्याही मोबाइलवर तो आहे, पुसावासा वाटतो आणि पुसत नाही.

त्यानंतर बाबांनी लायसन्स कपाटात कपड्यांखाली ठेवलं. बसमध्ये ते पूर्वी ड्रायव्हरच्या मागे बसून त्याच्या चुका काढायचे, आता खिडकीपाशी बसून बाहेर बघू लागले. दोनदा डोळे तपासून आले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही वेळा डोळे छान आहेत म्हणून सांगितलं, त्यावर त्यांचा विश्वास बसेना. चाळीच्या गॅलरीतून जाताना भिंतीला हात लावून चालायला लागले. भाचीनं गणपतीला बोलावलं, तर म्हणाले, "त्या वाडीत नको." मी तेव्हाही गप्प होते. आठ महिने. काय खाऊन गप्प होते कोण जाणे.

एका रविवारी मी गेले तेव्हा ते कपडे करून बसले होते. म्हणाले, "मेंदूच्या डॉक्टरकडे नेशील का? डोळे बरे आहेत म्हणतात. मग चाक पायरीवर गेलं कसं? माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय. तीस वर्षांची गोष्ट अशी कशी विसरली जाईल?"

तेव्हा माझं तोंड उघडलं. वरातीमागून घोडं. मी पर्समधून टेप काढला, फरशीवर सात फूट मोजून खडूनं खुणा केल्या, आणि पुढे आणखी चौदा इंच मोजून तिसरी खूण केली. म्हटलं, "बाबा, पाठी नाही. मधे वाढवली होती. एवढी."

ते खाली बसले. शेवटच्या दोन खुणांमध्ये वीत टाकून पाहिली. "दीड वीत," म्हणाले. मग दोन्ही हात हवेत धरून त्यांनी स्टिअरिंग डावीकडे वळवलं, डोळे मिटून, अगदी सावकाश. मध्येच थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला. मी आठ महिन्यांत तो चेहरा पाहिला नव्हता. "मग लागणारच गो पायरी! कोणीही वळवली तरी लागली असती. मी बरोबर वळवली होती!"

"बरोबर वळवली होती," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. म्हटलं, "दादानं तुम्हाला फसवलं."

बाबा अजून फरशीवरच बसले होते. हात खाली आले.

"तो खोटं बोलतोय ते मला हॉलच्या दारातच वाटलं होतं," ते म्हणाले. "म्हणून तर तुला विचारलं."